पाय सुजायच्या आत

नेस्टाने टेबलाखाली हात घातला, डाव्या पायाचा मोजा चिमटीत धरला आणि कुणाला कळणार नाही अशा बेताने वर ओढला. मोजा दोन बोटं वर आला आणि सोडल्याबरोबर पुन्हा खाली घसरला. समोर लाल टाय लावलेला एक उंच मुलगा तिच्याच प्रश्नाचं उत्तर देत होता आणि आपलं निम्मं लक्ष पोटरीकडे आहे याची तिला लाज वाटत होती.

प्रश्न तिचा ठरलेला होता. मी खाटेवर पडलेय, तुम्ही आलात, काय हवं म्हणून विचारलंत, मी म्हटलं, मला काही नको. मग तुम्ही काय कराल?

"पेशंटच्या इच्छेचा मान ठेवीन," मुलगा म्हणाला. "आणि तशी नोंद करीन."

"नोंद केलीत. मग?"

"मग..." मुलाने टाय चाचपला. "मग पुढच्या पेशंटकडे जाईन."

नेस्टाने मान डोलावली आणि कागदावर बेताचे गुण लिहिले. पोरगा वाईट नव्हता बिचारा. सकाळपासून जो येत होता तो एकतर नोंद करत होता, नाहीतर डॉक्टरांना बोलावत होता. एका मुलीने तर तिला प्रेमाने समजावून सांगायचं ठरवलं होतं. आपल्याकडून समजून घ्यायला कोणी थांबेल का, असा विचार नेस्टाच्या मनात येऊन गेला.

नर्सिंगच्या पदवीला नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. शाळेचं प्रमाणपत्र बघतात, गणित बघतात, पोलिसांचा दाखला मागतात, लसी टोचल्यात का ते तपासतात, आणि एवढं सगळं पार करून आलेल्याला या खोलीत तिघांसमोर बसवतात. एक शिकवणारा, एक वॉर्डात राबणारा आणि एक खाटेवर पडून दिवस काढलेला. नेस्टा तिसऱ्या जातीची होती. आधी खुबा मोडला, मग पायावरच्या जखमा भरेनात, एक अख्खा हिवाळा तिने इस्पितळाचं छत बघत काढला होता. त्याचं भांडवल होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याआधीचं सगळं आयुष्य तिने गावातल्या सिनेमाच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली होती, म्हणून अख्खं खोरं तिला नेस्टा टॉकीज म्हणत असे. आता खोऱ्यात नेस्टा काय एकच होती? एक नेस्टा पोस्ट होती, एक नेस्टा टेकडी होती. शेपूट जोडल्याशिवाय तिथे कुणाचं नाव पुरं होत नसे.

मोज्याचं म्हणाल तर ते दुखणं आजचंच होतं. शिरा दाबून धरणारे ते घट्ट मोजे सकाळी पाय सुजायच्या आत चढवावे लागतात, आणि ते चढवणं म्हणजे हत्तीला चोळी घालण्यातला प्रकार. त्यासाठी नगरपालिकेकडून रोज सकाळी ग्वेनो यायची. अर्ध्या तासाचं काम. मोजे, थोडं मलम, आणि नियमात कुठेही न लिहिलेला एक चहा. आज ग्वेनोने दातासाठी रजा घेतली होती आणि बदली आलेल्या मुलीने पोत्यात बटाटे भरावेत तसा नेस्टाचा पाय मोज्यात भरला होता.

खरं तर मोजे स्वतःचे स्वतः घालायलाही एक साधन मिळतं. तारेचा एक पिंजरा असतो. त्यावर मोजा ताणून बसवायचा, पाय आत सारायचा आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून वर ओढायचं. नेस्टाला तो कधीच मिळाला होता आणि तिने त्यावर आपल्या टोप्या अडकवून ठेवल्या होत्या. कारण सोपं होतं. ज्याला पिंजरा जमला, त्याचा सकाळचा अर्धा तास नगरपालिका काढून घेई. दर वर्षी तपासणीला बाई येत, आणि नेस्टा त्यांच्यासमोर असा काही पिंजरा उचले, हात दुखतात म्हणून अशी कण्हे, की बाईच म्हणत, राहू द्या हो. उगाच नाही जन्मभर सिनेमे बघितले. फक्त एकदा, बर्फाने रस्ता बंद झाला होता तेव्हा, तिने टोप्या काढून तो वापरून बघितला होता, आणि जमलं होतं. ही गोष्ट तिने देवापासूनही लपवली होती.

लाल टायवाला गेला. पुढच्या उमेदवाराआधी चहाची सुट्टी होती. नेस्टाने काठी घेतली आणि मोजा नीट करायला ती बाथरूमकडे निघाली. बाहेर बोळात, नोटीस बोर्डाखालच्या खुर्चीत, गुडघे जुळवून आणि हात मांडीवर ठेवून ग्वेनो बसली होती.

तिने काळा कोट घातला होता. तो तिच्या बहिणीचा, हे नेस्टाला लांबूनच कळलं, कारण बाह्या मनगटाच्या वरच संपत होत्या. केस घट्ट बांधले होते. नेहमीच्या, गालावर पिठाचा हात लागल्यासारख्या दिसणाऱ्या ग्वेनोचा कुणीतरी पासपोर्टचा फोटो काढला असावा, तशी ती दिसत होती.

"दात कसा आहे?" नेस्टाने विचारलं.

ग्वेनो ताडकन उठली. "मावशी! तुमची तर मंगळवारी पाळी असते ना?"

"आजची बाई तापाने पडली, म्हणून मला बोलावलं." नेस्टाने काठीवर दोन्ही हात ठेवले. "म्हणजे मंगळवार चुकवून आजचा दिवस मागून घेतलास होय गं?"

ग्वेनोने बुटांकडे बघितलं. बूट मात्र तिचेच होते, पॉलिश केलेले.

"दोन हिवाळे संध्याकाळचा वर्ग केला," ती म्हणाली. "आईला झोपवून जायचे. गणित तेवढं दोनदा राहिलं, ते सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायच्या आत सुटलं पाहिजे या अटीवर बोलावलंय. बाकी सगळं झालं."

"दोन हिवाळे! आणि रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून मला दुसऱ्यांच्या भानगडी सांगत होतीस. मला का नाही सांगितलंस?"

ग्वेनोने तोंड उघडलं, पण तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि कात्रिनबाईंनी मान बाहेर काढली. "मिसेस रोलंड्स, तुमचा चहा गार होतोय." बाई मुलाखती घेणाऱ्यांच्या प्रमुख, वयाने लहान, माणूस चांगलं, फक्त दक्षिण वेल्सकडच्या असल्याने बोलणं असं गात गात, की नेस्टाला त्यांचं रागावणंही गोडच वाटे. नेस्टा मोजा तसाच ठेवून आत गेली.

आत जाऊन तिने जे खरं ते सांगितलं. पुढची मुलगी रोज सकाळी माझ्याकडे येते, मला मोजे घालते.

कात्रिनबाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "अरे देवा."

"ओळखीचं चालतं ना? इथे कोण कुणाच्या ओळखीचं नाही? सकाळचा तो टायवाला, त्याच्या आजीला मी पुढच्या रांगेत फुकट बसवायचे."

"ओळख चालते हो. पण ही तुमची सेवा करते. उद्या कुणी बोट दाखवलं तर तिचीच जागा जाईल. तुम्हाला या एका मुलाखतीपुरतं बाहेर बसावं लागेल." त्यांनी वॉर्डच्या सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने खांदे उडवले. "आणि पेशंटच्या बाजूचं माणूस नसेल तर मुलाखत धरतच नाहीत. आजचा शेवटचा दिवस."

"मग?"

"बघते कुणी मिळतं का."

बाईंनी दोघांना फोन लावले. एक स्वतःच इस्पितळात भरती होती, दुसऱ्याचा फोन वाजून वाजून थांबला. "सकाळी पलीकडच्या खोलीत पेशंटच्या बाजूने मिस्टर इड्वाल मॉरिस होते, पण ते तर मघाच निघाले. त्यांची बस गेली असणार." त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "काय करणार! तिला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सांगू. फार वाईट वाटतंय मला."

नेस्टा खिडकीपाशी बसली होती. खिडकीतून खालचं आवार दिसत होतं, आवारापलीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला बसथांब्याचं काचेचं शेड. शेडमध्ये एक करड्या रंगाची टोपी होती. तशी टोपी खोऱ्यात एकाच माणसाची होती. मिस्टर मॉरिस, म्हणजे खोऱ्याचा इड्वाल बँक, अजून गेला नव्हता. बस नेहमीसारखी उशिरा येत होती.

नेस्टाने चहाचा कप उचलला. हे तिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. आणि तिने केलं तरी काय होतं? खोटं बोलली नव्हती. नियम मोडला नव्हता. उलट, खरं तेच सांगितलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं, चहा संपवायचा. बस येईल, टोपी जाईल. पुढचं सगळं वर्ष सकाळी दारात ग्वेनोची छोटी गाडी घरघरेल, ती बूट आपटत आत येईल, म्हणेल, "मावशी, त्या पोस्टवालीच्या सुनेने काय केलं ऐकलंत का?" पुढच्या वर्षी गणित सुटेल, तेव्हा जाऊ दे की. मोठी थोडीच झालीय, तिशीसुद्धा नाही. नेस्टाने चहाचा घोट घेतला. चहा खरंच गार झाला होता. तिने कप बशीत परत ठेवला.

"मी जरा पाय मोकळे करून येते," ती म्हणाली.

आवार ओलांडताना मोजा पार घोट्यापर्यंत आला. वारा असा होता की काठीसुद्धा तिरकी पडत होती. इड्वालने तिला येताना बघितलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्यात काही नवल नव्हतं. गावच्या जत्रेत, चहात भिजवलेल्या मनुकांच्या केकची स्पर्धा असते, तिथे परीक्षक म्हणून इड्वालने स्टेजवरून, तेही माइकवर, नेस्टाचा केक कोरडा आहे असं जाहीर केलं होतं. ते वर्ष गेलं, सिनेमा बंद पडला, बँकेची शाखा बंद पडली, इड्वालच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तरी नेस्टा त्याच्याशी बोलली नव्हती. प्रार्थनेला बसतानासुद्धा ती खांबाआडची जागा धरी, म्हणजे त्याचं डोकं दिसत नसे. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत.

"वारा फार आहे नाही आज," नेस्टा म्हणाली.

वर्तमानपत्र खाली आलं. "मला वाटलं, तुझ्या लेखी मी मेलोय."

"अजून नाही म्हणून तर आले."

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, नेस्टा. काय पाहिजे?"

तिने सांगितलं. मुलगी कोण, नियम काय, अडलंय कुठे, सगळं. इड्वालने शेवटपर्यंत ऐकलं. रस्त्याच्या वळणावर बस दिसू लागली होती.

"ही तीच ना, तुझ्याकडे सकाळी येते ती? ती पास झाली तर तुझे मोजे कोण घालणार?"

"ते माझं मी बघेन."

"हं." इड्वालने वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली. जन्मभर बँकेत काढलेली बोटं, कागद चुरगळणं त्यांना माहीतच नव्हतं. "येतो. पण आधी एक सांग. तो केक कोरडा होता की नव्हता?"

"इड्वाल, बस येतेय."

"येऊ दे की."

नेस्टाने वर आभाळाकडे बघितलं. खोऱ्यावरच्या काळ्या दगडांच्या ढिगांकडे बघितलं. केकची ती पद्धत तिच्या आईची होती, आईच्या आईची होती. त्या दिवशी पाहुणे आले, मनुका रात्रभर भिजवायच्या त्या तासभरच भिजल्या, हे तिला ओव्हन उघडल्याक्षणीच कळलं होतं.

"होता," ती म्हणाली. "कोरडा ठक्क होता. झालं समाधान?"

इड्वालचा चेहरा असा उजळला, की तिला काठी उचलावीशी वाटली. बस थांबली, दार उघडलं. त्याने ड्रायव्हरला हाताने जायची खूण केली आणि नेस्टाला दंड पुढे केला. तिने तो धरला नाही, पण त्याच्या पावलाला पाऊल मिळवून चालली.

बोळात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. ती ग्वेनोच्या शेजारच्या खुर्चीत धप्पकन बसली. शेवटी मागे पडलेला इड्वाल सावकाश येत होता.

"कुठे गेला होतात एवढ्या वाऱ्यात?" ग्वेनो म्हणाली, आणि मग तिची नजर खाली गेली. "हे काय! हे कुणी घातलंय?"

"राहू दे. तुझी आता मुलाखत आहे."

पण ग्वेनो खाली बसलीसुद्धा होती. बहिणीच्या कोटासकट तिने गुडघे फरशीवर टेकले, नेस्टाचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, बूट काढला. मोज्याची वरची कड गुंडाळत जाऊन घोट्यापाशी दोरीसारखी रुतली होती आणि तिथे लाल वळ उठला होता. "रक्त अडलं असतं मावशी. पायाचा रंग बघा. सकाळीच मला फोन करायचा ना!"

"तुझा दात दुखत होता."

ग्वेनो हसली. तिने मोजा पूर्ण काढला, पोटरीवरून अंगठ्याने खालून वर हात फिरवला, मग मोजा टाचेपर्यंत उलटा केला आणि इंच इंच करत वर नेला. मध्ये एकदा थांबून तिने वर नेस्टाच्या चेहऱ्याकडे बघितलं. दुखतंय का हे तिने कधी विचारलं नव्हतं. ती बघायची. इड्वाल बोळाच्या तोंडाशी टोपी हातात घेऊन उभा होता. मोजा गुडघ्याखाली नीट बसेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मग दार उघडलं. "मिस ग्वेनो प्यू, या. आणि मिस्टर मॉरिस? तुम्ही कसे काय?"

"बस चुकली," इड्वाल म्हणाला.

"माझा प्रश्न विचार," नेस्टा त्याच्या कानाशी पुटपुटली.

"मला माझे प्रश्न आहेत," तो म्हणाला आणि आत गेला.

दार लागलं. नेस्टा एकटीच बोळात राहिली. आतून काही स्पष्ट ऐकू येत नव्हतं. ग्वेनोचा आवाज आधी चिमणीएवढा येत होता, मग जरा मोठा झाला. आणि मग इड्वाल बँक हसला. खोऱ्यात त्याचं हसणं ऐकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी असतील. ते गंजलेलं दार उघडल्यासारखं असतं हे नेस्टाला त्या दिवशी कळलं.

ग्वेनो बाहेर आली ती लालबुंद होऊन. "काय विचारलं, काय बोलले, मला काही आठवत नाही," ती म्हणाली. नेस्टाने तिच्या कोटाच्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि तिला घरी पिटाळलं. तिला अजून तीन उमेदवारांना भेटायचं होतं.

त्या संध्याकाळी नेस्टाने पिंजऱ्यावरच्या टोप्या एक एक करून काढल्या आणि खुंटीला लावल्या. तारांवर धूळ साचली होती. ती तिने ओल्या फडक्याने पुसली, पिंजरा खाटेशेजारी ठेवला आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे त्याच्यावर टाकले. मग स्वयंपाकघरात जाऊन मनुका चहात भिजत घातल्या. या वेळी रात्रभर.

सकाळी ती लवकर उठली. पहिल्या खेपेला मोजा पिंजऱ्यावरून सुटून थेट आरशावर जाऊन आदळला. दुसऱ्या खेपेला तिने मोज्याला त्याच्या आईवरून एक शिवी दिली, जी ती सिनेमातून शिकली होती, आणि तो चढला. धाप लागून ती खाटेच्या कडेवर बसली. दुसरा पाय व्हायचाच होता, तोच दारात छोटी गाडी घरघरली.

"मावशी!" ग्वेनो बूट आपटत आत आली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या पोस्टवाल्या नेस्टाची सून..." ती खोलीच्या दारात थांबली. तिने नेस्टाच्या पायाकडे बघितलं, मग पिंजऱ्याकडे, मग खुंटीवरच्या टोप्यांकडे.

"कुणी घातला?"

"कुणी म्हणजे? मी."

ग्वेनोने पिशवी खाली ठेवली. नेस्टाने हनुवटी वर केली. रात्री तिने मनाशी सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. "आता मला जमतं. हाताचं दुखणं गेलं. तेव्हा तू माझी काळजी करायची नाही. जागा मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. माझ्यापायी अडायचं नाही. मी नगरपालिकेला कळवणार आहे की मला काही नको."

ग्वेनो येऊन नेस्टाच्या पायाशी बसली आणि मान तिरकी करून तिने मोजा बघितला.

"टाच वर आलीय," ती म्हणाली. "बर्फ पडला होता तेव्हा आली होती तशीच."

नेस्टाने खुंटीवरच्या टोप्यांकडे बघितलं.

"त्या दिवशी मी चालत आले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात, शेजारणीने घातले मोजे. शेजारीण तर लेकीकडे लिव्हरपूलला गेली होती. आणि सगळ्या टोप्या खाटेवर पडल्या होत्या."

"तेव्हापासून तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस, भवाने? मी दर वर्षी त्या बाईसमोर कण्हून कण्हून मरते!"

"छान कण्हता पण." ग्वेनोने बोटाने टाच जागेवर सरकवली. "बोलले असते तर अर्धा तास कापला असता. आईचं करून निघायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या घरी जायचं, सगळे सांगतात दुखतंय, खुपतंय. तू कशी आहेस म्हणून विचारणारं हे एकच घर. मग मी सकाळचा चहा कुठे प्यायले असते?"

नेस्टा खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारणीचं कुंपण तेवढं होतं.

"काल विचारत होतात, का नाही सांगितलंस," ग्वेनो खाली बघतच म्हणाली. "सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तुम्ही टोप्या काढल्या असत्या."

फोन वाजला तेव्हा दोघींनाही बरंच वाटलं. नेस्टाने तो उचलला.

"मी तुला काही सांगायला फोन केलेला नाही," पलीकडून इड्वाल म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "निकाल गुप्त असतो. अजून वरून सही व्हायचीय. कळलं ना?"

"कळलं."

"मी आपलं सर्वसाधारण बोलतोय. हल्लीच्या मुलांचं गणित कच्चं असतं. उन्हाळ्यात परीक्षा असते. सप्टेंबरात एखादीला कुठे जायचं असेल तर त्याआधी ते सुटलेलं बरं. मी बुधवारी संध्याकाळी मोकळा असतो."

नेस्टाने भिंतीला हात टेकला. "कुठे शिकवशील?"

"तुझ्याकडे. माझ्या घरात थंडी फार."

"केक केलाय," नेस्टा म्हणाली. "रात्रभर भिजवून."

"बघू. आणि ऐक, तुझा तो प्रश्न. शेवटी मीच विचारला. तिचं उत्तर मी तुला सांगणार नाही, तेही गुप्त." आणि त्याने फोन ठेवला.

नेस्टा खोलीत परत आली. ग्वेनो तिच्याकडे बघत होती, अगदी कालच्या बोळातल्या चेहऱ्याने.

"बुधवारी गणिताची वही घेऊन ये," नेस्टा म्हणाली. "इड्वाल शिकवणार आहे. सप्टेंबरच्या आत सुटायला पाहिजे म्हणतो."

ग्वेनोला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच जमिनीवर बसून राहिली. नेस्टाने तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला. मग खाटेवर बसून तिने रबरी हातमोजे चढवले, दुसरा मोजा पिंजऱ्यावर ताणला आणि पाय पुढे केला. ग्वेनोचा हात सवयीने पुढे आला. नेस्टाने तो चापट मारून बाजूला केला.

"मला काही नको," ती म्हणाली. "जा तू. पुढच्या घरी उशीर होईल."

ग्वेनो उठली. तिने डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन किटली गॅसवर ठेवली. मग तिथली खुर्ची उचलून खोलीत आणली, खाटेसमोर ठेवली आणि बसली.